बेस गिटार, अॅम्प आणि चाळीस हजार : बडोद्यातल्या शेरी गरब्यासाठी काय घ्यावं?

दांडियाबाजारी · मंगळवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. आमचा हौशी वाद्यवृंद आहे. गणपतीत दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या मंडळांत भावगीतं आणि जुनी हिंदी गाणी, नवरात्रात सोसायट्यांचे शेरी गरबे (गल्लीतले गरबे), मधल्या काळात कुणाची साठी, कुणाची मुंज. मी बेस वाजवतो. वाद्य जुनंच आहे. चार तारा, पॅसिव्ह (म्हणजे आत बॅटरी नसलेलं), जॅझ बेसच्या धर्तीचे दोन पिकअप (तारांची थरथर टिपणारे). अॅम्प माझा नाहीच. कीबोर्डवाल्याच्या अॅम्पला दुसरं भोक आहे, त्यात पिन घालून भागवतो.

यंदा हाताशी चाळीस हजार आहेत. घरून मंजुरी मिळाली आहे, तोंडी का होईना.

अडचण अशी की तालमीच्या खोलीत (वाड्याचा पहिला मजला, दहा बाय दहा) आवाज इतका घुमतो की खालच्या आजी झाडूच्या दांड्याने छत ठोकतात. त्यातही मोकळ्या ए तारेच्या आसपासचा एक सूर अंगावर येतो आणि बाकीचे निमूट बसतात. स्टेजवर गेलो की उलटं, माझं मलाच ऐकू येत नाही. दुकानदार म्हणतो, पाच तारांचा अॅक्टिव्ह बेस घ्या आणि दीडशे वॉटचा अॅम्प घ्या, वर वीसेक घालावे लागतील. म्हटलं पैसे मोजण्याआधी इथे विचारावं.

सेवउसळ · मंगळवार, रात्री ११:१५

वाचतोय. मलाही घ्यायचा आहे.

कोठीपोळ · मंगळवार, रात्री ११:३२

दुकानदार बरोबर सांगतोय. स्टेजवर ऐकू येत नाही म्हणजे वॉट कमी पडताहेत. कीबोर्डच्या अॅम्पमध्ये बेस घालणं हा त्या स्पीकरवर अत्याचार आहे. एकदाच घ्या, मोठा घ्या.

मंद्रसप्तक · बुधवार, सकाळी ७:०५

दांडियाबाजारी, अॅम्प नक्की कुणासाठी वाजायचा आहे ते आधी ठरवा. तुमच्यासाठी, सोबतच्या वादकांसाठी की पटांगणातल्या दोनशे लोकांसाठी? ही तीन वेगळी कामं आहेत आणि तीनही एकाच पेटीकडून करून घ्यायला गेलं की चाळीस काय, दीड लाखही पुरत नाहीत.

वॉटचं म्हणाल तर वॉट दुप्पट केले की आवाज तीन डेसिबलने वाढतो. हा फरक लक्ष देऊन ऐकलं तर कळेल एवढाच. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला दहाएक डेसिबल लागतात, आणि त्यासाठी वॉट लागतात दहापट. चाळीसच्या जागी चारशे. त्यामुळे शंभर घेऊ की दीडशे, यावर रात्री जागवण्यात अर्थ नाही. स्पीकर किती इंची, किती आणि कसल्या पेटीत बसवलेत, याने जास्त फरक पडतो.

१९६९ साली अॅम्पेग कंपनीने एसव्हीटी नावाचा बेसचा अॅम्प काढला. तीनशे वॉट, व्हॉल्व्हचा, खाली दहा इंची आठ स्पीकरांची कपाटाएवढी पेटी. त्या काळी मैदानातल्या पीएला, म्हणजे प्रेक्षकांसाठीच्या स्पीकरांना, बेस झेपत नव्हता, म्हणून वादकाच्या अॅम्पनेच मैदान भरावं लागे. आज जरा बऱ्या साऊंडवाल्याकडे सबवूफर (फक्त खालच्या सुरांचे मोठे स्पीकर) असतात. बेस त्यांच्यातून जाऊ द्या. त्यासाठी लागतो डीआय बॉक्स, मुठीएवढी डबी. बेसचा नाजूक सिग्नल ती मिक्सरला हवा तसा बॅलन्स्ड करून देते, मग एक्सएलआर केबल शंभर फूट ओढली तरी गुणगुण येत नाही आणि वरचे सूर मरत नाहीत. तुमचा बेस पॅसिव्ह आहे, तेव्हा डीआय अॅक्टिव्ह (वीज लागणारा) बघा. बेसचं 'अॅक्टिव्ह-पॅसिव्ह' आणि डीआयचं 'अॅक्टिव्ह-पॅसिव्ह' या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यात गोंधळू नका.

आणि अॅम्पशिवाय बेस म्हणजे कमअस्सल, असं कुणी म्हटलं तर डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची गाणी ऐकवा. त्यांचा बेसवादक जेम्स जेमरसन, त्याचा प्रिसिजन बेस त्या रेकॉर्डिंगांत बहुतेक थेट कन्सोललाच जोडलेला असे. तारा फ्लॅटवाऊंड (चपट्या वळशांच्या), आणि वाजवायचा एका बोटाने.

कोठीपोळ · बुधवार, सकाळी ९:४०

मंद्रभाऊ, डेट्रॉइट राहू द्या, वाडीच्या शेरीत या. आमच्याकडे मंडपवाला दोन उभे कॉलम स्पीकर देतो. त्यातून गायकाचा माईक गेला की त्यांचा जीव जातो. त्यात डीआयने बेस सोडला तर कॉलमचे कागद फाटतील आणि भरपाई मागायला मंडपवाला माझ्या दारात. सबवूफर पार्टी प्लॉटवाल्यांचे चोचले आहेत.

मंद्रसप्तक · बुधवार, सकाळी ९:५८

हा मुद्दा खरा आहे. लहान कॉलममध्ये बेस सोडू नये. तिथे अॅम्प लागतो आणि तोही बारा इंची स्पीकरचा किंवा दहाच्या दोन स्पीकरांचा, शंभर वॉटच्या पुढचा. पण वर्षातल्या नऊ रात्रींसाठी तो विकत कशाला? भाड्याने मिळतो. दांडियाबाजारींची बाकीची कामं तालीम आणि छोटे हॉल अशी आहेत.

घुमारा · बुधवार, दुपारी १:२०

मला वाद्यातलं कळत नाही, पण आवाज मोजणं हा पोटापाण्याचा धंदा आहे, म्हणून त्या 'अंगावर येणाऱ्या' सुराबद्दल लिहितो.

दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये पहिली स्थिर लहर ५६ हर्ट्झला उभी राहते. मोकळी ए तार ५५ हर्ट्झ, तिच्या पुढचा अर्धा सूर ५८. म्हणजे तुमची खोलीच त्या दोन सुरांच्या मधोमध लावलेली आहे. खोली चौरस असल्यामुळे लांबीची लहर आणि रुंदीची लहर एकाच जागी येऊन पडते. छतही दहा फुटांवर असेल तर तिसरीही तिथेच.

करून पाहण्यासारखा प्रयोग: कुणालातरी मोकळी ए तार एका जोराने वाजवत राहायला सांगा आणि तुम्ही भिंतीपासून खोलीच्या मध्यापर्यंत चालत या. भिंतीशी छाती दणाणेल, मध्यावर सूर जवळपास विरेल. अॅम्प तोच, हात तोच.

यावर नवा अॅम्प हा इलाज नाही. दीडशे वॉटचा आणलात तर तोच सूर आणखी जोरात येईल. कोपरा सगळ्या लहरींना एकदम पेटवतो, तेव्हा अॅम्प कोपऱ्यातून काढा. जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवा. भिंतींना गाद्या लावायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. ५६ हर्ट्झची लहर सहा मीटर लांब असते, तिला गादी कळतसुद्धा नाही. गादी फक्त वरचे सूर खाते, मग उरतो निव्वळ घुमारा. अॅम्पखाली मात्र जाड रबर घाला. वाड्याची जमीन लाकडी असणार, तिच्यातून जाणारी थरथर कमी होईल. तेवढाच आजींना दिलासा.

दांडियाबाजारी · बुधवार, दुपारी २:०२

घुमारा, चालून पाहिलं. मध्यावर खरंच सूर गेला! आमचा तबलजी नेमका खोलीच्या मधोमध बसतो आणि 'बेस कमी आहे, वाढव' म्हणतो, मी भिंतीला टेकलेला असतो. भांडणाचं मूळ आज कळलं.

पांढरी_चार · बुधवार, दुपारी ३:१५

गाणाऱ्या बाजूने दोन शब्द.

दांडियाबाजारी, तुमच्याकडे गाणाऱ्या ताईंचा सा कुठला आणि दादांचा कुठला, हे लिहिलं नाहीत. पाच तारा घ्यायच्या की नाही हे त्यावर ठरतं. माझा सा काळी चार. सा म्हणजे ई तारेच्या चौथ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे बेसच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्या), ठीक. पण त्याच्या खालचा पंचम लागतो काळी दोनवर आणि तो मोकळ्या ई तारेच्याही अर्धा सूर खाली. चार तारांवर तो नाहीच. आमचे बेसवाले दादा तिथे पोचले की काहीतरी अंधुक वाजवून वेळ मारून नेत. दादा लोकांचा सा काळी एक असतो, त्यांना हा त्रास नाही. ए तारेच्या चौथ्यावर सा, ई तारेच्या चौथ्यावर खालचा पंचम, हात सुखात.

दांडियाबाजारी · बुधवार, दुपारी ३:३०

ताई, आमच्याकडेही अगदी हेच, काळी चार आणि काळी एक. म्हणजे पाच तारा घ्याव्याच लागणार?

मंद्रसप्तक · बुधवार, सायं. ६:१०

थांबा, थांबा. काळी चारला पंचम वरचा घ्या, ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर. ७८ हर्ट्झच्या घरात येतो, लहान अॅम्पवर स्वच्छ बोलतो आणि डग्ग्याच्या पायात पाय अडकत नाही. खर्जातला पंचम म्हणजे ३९ हर्ट्झ. तो मोठ्या पेटीशिवाय सूर म्हणून ऐकूच येत नाही, नुसतं काहीतरी हललं एवढं कळतं. पाचवी तार मोकळी वाजली तर ३१ हर्ट्झ. दहा इंची स्पीकरच्या अॅम्पवर पाचवी तार वाजवणं म्हणजे तिचे वरचे पडसाद ऐकणं, मूळ सूर स्पीकरच्या आवाक्याबाहेर राहतो. पाच तारा वाईट नाहीत, पण त्यांचा खर्च बेसपाशी थांबत नाही. मागोमाग पेटीही मोठी घ्यावी लागते.

अगदीच हवा असेल तर त्या गाण्यापुरती ई तार अर्धा सूर उतरवा. मग फ्रेट एकाने सरकतात, तेवढं लक्षात ठेवा.

माजी_बडोदेकर · बुधवार, रात्री ९:००

धाग्याचा विषय नाही, तरी लिहितो. ओळी इंग्रजी कॉर्डमध्ये लिहिण्यापेक्षा सरगममध्ये लिहून ठेवा. गाणाऱ्याचा सा बदलला की कागद तोच राहतो, हात सरकतो. हे बडोदेकरांनी तरी करावं. सयाजीरावांच्या काळात गायक मौलाबक्षांनी १८८६ मध्ये इथे गायनशाळा काढली आणि स्वरलिपीचा पाठपुरावा केला. तीच शाळा पुढे विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी झाली, सूरसागर तलावाच्या काठी. आम्ही पुण्यात येऊन हे सांगतो तर लोकांना वाटतं बडोद्यात फक्त चिवडा मिळतो.

कोठीपोळ · बुधवार, रात्री ९:०४

लीलो चिवडो आणा येताना.

दांडियाबाजारी · बुधवार, रात्री ९:४०

सरगमची कल्पना भारी आहे. आता सेटिंगचं सांगा. आमच्या अॅम्पवर बास (खालचे सूर) पूर्ण, मिड (मधले) शून्याजवळ, ट्रेबल (वरचे) पूर्ण असं ठेवलं आहे. वर 'डीप' म्हणून बटण आहे तेही दाबलेलं. एका व्हिडिओत तसंच होतं.

मंद्रसप्तक · बुधवार, रात्री १०:३०

स्टेजवर तुम्ही का गायब होता ते सापडलं.

आधी सगळे नॉब मध्यावर, घड्याळाच्या बारावर आणा. डीप, काँटूर, ब्राइट, जे बटण असेल ते बंद. कार्यक्रमात वाजवाल तितक्या जोराने तारा ओढा आणि लाल दिवा क्वचित चमकेल इथवर गेन (आत येणाऱ्या सिग्नलची पातळी) चढवा, मग किंचित मागे या. त्यानंतर मास्टर, म्हणजे बाहेर पडणारा आवाज. गेन कमी ठेवून मास्टर पिळणारे पुष्कळ भेटतात, त्यांना खरखर मिळते, आवाज मिळत नाही.

आता मिड. पाचशे ते आठशे हर्ट्झच्या पट्ट्यात बेसचा सूर 'कळतो', म्हणजे कुठला सूर आहे आणि कधी वाजला ते. घरी एकट्याने वाजवताना हा पट्टा नाकात बोलल्यासारखा लागतो, म्हणून लोक तो कापून टाकतात. खाली गडगडाट, वर तारांची चमचम, मधे काही नाही. एकट्याला झकास वाटतं. मग ढोल येतो आणि गडगडाट त्याच्यात जातो, मंजिरी येतात आणि चमचम त्यांच्यात जाते. तुमच्या वाट्याला काय उरलं? मिड एक-दोनवर चढवा. बास अकरावर उतरवा, तुमच्या त्या खोलीत तर दहावर. अडीचशेच्या आसपासचा लो-मिड वेगळा असेल तर तो थोडा कमी करा, गोधडीखालून येतोय असा जो आवाज होतो तो तिथला. ट्रेबल बारावरच राहू द्या. बोटं तारांवर घासल्याचं ऐकू आलं तर खाली.

'बास वाढवल्याशिवाय बेस कसा?' असं वाटेल. मोकळी ई तार ४१ हर्ट्झची, पण कानाला ती ओळखू येते त्यात ८२ आणि १२३ हर्ट्झच्या वरच्या अंशांचा वाटा मोठा असतो. मोबाईलच्या टिचभर स्पीकरमधून ४१ हर्ट्झ येऊच शकत नाही, तरी आपल्याला बेसची ओळ गुणगुणता येते, ती यामुळेच.

जॅझ बेसवर आणखी एक खुबी आहे. दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण असले की मिड आपोआप खचतो. त्यात गुणगुण कमी होते, हा फायदा खरा. पण गर्दीत हरवलात तर पुढच्या पिकअपचा व्हॉल्यूम जरासा उतरवून बघा. मागचा पिकअप वर आला की आवाज लगेच कणखर होतो. हे फुकट आहे, अॅम्प विकत घेण्याआधी करा.

साऊंडवाल्याला एवढंच सांगा की बेसच्या चॅनलचं लो-कट बटण बंद ठेव आणि गाणाऱ्यांच्या माईकांचं चालू ठेव. साध्या मिक्सरवर हे बटण ८० किंवा १०० हर्ट्झच्या खालचं सगळं छाटायला लागतं. बहुतेक ठिकाणी ते नेमकं उलटं दाबलेलं असतं.

ऑक्टोपॅडवाला · बुधवार, रात्री ११:११

सेटिंग कितीही करा, कीबोर्डवाल्याचा डावा हात खाली असेपर्यंत उपयोग शून्य. तो डाव्या हाताने खालच्या सप्तकात सा-प दाबून बसतो, तुम्ही त्याच जागी वाजवता, दोघांचा मिळून चिखल. बेस असलेल्या वाद्यवृंदात कीबोर्डचा डावा हात मधल्या सा च्या खाली उतरायचा नाही, असा ठरावच करून घ्या. भांडण होईल. होऊ द्या.

माझ्या बाजूचंही सांगतो. पॅडवरचा किक (बास ड्रमचा ठोका) मी छोटा आणि कोरडा ठेवतो. लांब शेपटीचा किक आणि बेस एकत्र वाजले की दोघंही मेले. आणि हींचमध्ये (गरब्याचा सहा मात्रांचा ताल) बेसवाल्यांनी सहाही मात्रा भरू नयेत. पहिलीवर ठेवा, चौथीवर ठेवा, मधे ढोलाला जागा द्या. तेवढ्यावर पब्लिक फिरतं.

पांढरी_चार · गुरुवार, सकाळी ८:२०

ऑक्टोपॅडवाला यांना माझ्याकडून एक लीलो चिवडो.

सेवउसळ · गुरुवार, सकाळी १०:००

माझ्याकडे बेसच नाही. शून्यातून सुरुवात करणाऱ्याने किती घालावेत? जुना घ्यावा का?

मंद्रसप्तक · गुरुवार, दुपारी १२:४५

नव्यात पंधरा ते पंचवीस हजारांमध्ये यामाहा, आयबानेझ, कॉर्ट, स्क्वायर यांचे सुरुवातीचे बेस येतात आणि आजकाल त्यांची घडण चांगली असते. त्याखाली नाव न ऐकलेलं वाद्य ऑनलाइन मागवू नका, फ्रेट एकसारखे असतील याची खात्री नसते. त्यावर किती घालायचे ते तुमच्या खिशाने ठरवा, पण पंचवीसचा बेस नीट लावून घेतलेला आणि साठचा न लावलेला, यात मी पंचविसाचा उचलीन. बेसची मान बारीक हवी असेल किंवा तुमचा हात लहान असेल तर तीस इंची शॉर्ट स्केलही (आखूड तारांचा बेस) बघा. नेहमीचं माप चौतीस इंचाचं असतं. जमल्यास मुंबईला धोबी तलावाला वाद्यांच्या दुकानांत एक चक्कर टाका, चार वाद्यं मांडीवर घेऊन बघितल्याशिवाय मान कशी हवी ते कळत नाही.

जुना घेताना मान डोळ्याच्या रेषेत धरून बघा. पुढे-मागे वाकलेली मान ट्रस रॉडने (मानेतल्या सळईने) सरळ होते, पिळवटलेली होत नाही, ती सोडून द्या. ट्रस रॉडचा नट फिरतो का ते विक्रेत्यासमोर, त्याच्या परवानगीने, पाव फेऱ्याहून कमी हलवून बघा. आधीच शेवटापर्यंत आवळलेला असेल तर भाव काहीही असो, उठून या. मग चारही तारांवर प्रत्येक फ्रेट वाजवा. प्रत्येक. दहा मिनिटं लागतील, विकणारा कंटाळेल, कंटाळू द्या. नॉब फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, स्प्रेने जाते किंवा नॉबखालचा शे-दोनशेचा पॉट बदलतात. त्यावरून भाव मात्र जरूर पाडा.

दांडियाबाजारी · गुरुवार, दुपारी १:१५

'लावून घेणे' म्हणजे काय काय? माझ्या बेसला विकत घेतल्यापासून कुणी हात लावलेला नाही.

मंद्रसप्तक · गुरुवार, रात्री ८:३०

मग पहिला खर्च हाच.

पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर ई तार दाबून धरा. तार आता सरळ रेषा झाली. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी, ०.३ मिलिमीटरच्या आसपास. जास्त असेल तर मान पुढे वाकली आहे, फटच नसेल तर मागे. मग बाराव्या फ्रेटवर तारेची उंची: ई तारेला २.४ आणि जी तारेला २ मिलिमीटरच्या आसपास. त्याहून फार उंच असेल तर तुम्ही विनाकारण मेहनत करताय आणि दाबताना सूर चढतोय. शेवटी इंटोनेशन: बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक ट्यूनरवर एकच आला पाहिजे. दाबलेला चढा असेल तर ब्रिजवरचं सॅडल (तार टेकते तो तुकडा) मागे, उतरता असेल तर पुढे.

आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड पाणी पितं आणि दिवाळीनंतर सुकतं, मान दोन्ही वेळा हलते. म्हणून गणपतीच्या आधी एकदा आणि थंडीत एकदा बघायचं. ट्रस रॉड एका वेळी पाव फेरा, मग तासभर वाद्य तसंच ठेवा. हिंमत होत नसेल तर कारागिराकडे द्या, पण तो काय करतोय ते बाजूला उभं राहून बघा.

तारा ४५-१०५ जाडीच्या घ्या. भावगीतं आणि जुनी हिंदी गाणी हा तुमचा मुख्य ऐवज असेल तर फ्लॅटवाऊंड. महाग असतात, पण वर्षानुवर्षं टिकतात, बोटं घासत नाहीत आणि त्यांचा गोल, आखूड सूर त्या गाण्यांना शोभतो. गरबाच जास्त असेल तर राऊंडवाऊंड (गोल वळशांच्या) निकेल.

ऑक्टोपॅडवाला · गुरुवार, रात्री ८:५०

बेसच्या जुन्या तारा उकळल्या की नव्यासारख्या होतात म्हणतात, खरं का?

मंद्रसप्तक · गुरुवार, रात्री ९:०२

खरं आहे. वळशांत अडकलेला घाम आणि मळ निघतो, काही दिवस तजेला येतो, मग पुन्हा जैसे थे. राऊंडवाऊंडलाच करा. आणि पूर्ण वाळवून चढवा, नाहीतर गंजतील. घरच्या कुकरमध्ये करू नका एवढंच सांगतो, कारण सांगत नाही.

घुमारा · शुक्रवार, सकाळी ११:३०

शेरी गरब्याचा विषय निघालाच आहे म्हणून. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत मुभा देऊ शकतं. राहत्या वस्तीची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५.

बेसवाल्यांना यात एक गंमत कळावी. हे मोजमाप ए-वेटिंगने, म्हणजे कानाला जसं ऐकू येतं त्या हिशोबाने, होतं आणि त्यात ५० हर्ट्झचा आवाज ३० डेसिबल कमी धरला जातो. म्हणजे मीटरवर बेस जवळपास दिसतच नाही, पण समोरच्या घराची काचेची तावदानं वाजत असतात. तक्रार करणारा खोटं बोलत नसतो आणि मीटरवालाही. पेटीचं तोंड रस्त्याकडे आहे की घरांकडे, याने खालच्या सुरांना फरक पडत नाही, ते चहूकडे जातात. आवाज कमी करायचा तर बासच कमी करावा लागतो.

कोठीपोळ · शुक्रवार, दुपारी १२:१५

आणि अर्थिंग! मंडपाच्या जनरेटरवर गुणगुण आली की कुणीतरी अॅम्पच्या प्लगची तिसरी पिन काढतो. हे कुणीही करू नका. एका हाताखाली बेसच्या तारा, ओठांना माईकची जाळी, आणि दोन वेगळ्या लाइनींचा अर्थ, यात माणूस जातो. गुणगुण घालवायला डीआयवर ग्राऊंड-लिफ्टचं (फक्त सिग्नल केबलचा अर्थ तोडणारं) बटण असतं, ते दाबा. वीज सगळ्यांनी एकाच बोर्डावरून घ्या.

मंद्रसप्तक · शुक्रवार, दुपारी १२:२०

कोठीपोळ, या एका प्रतिसादासाठी तुमची सगळी वॉटभक्ती माफ.

दांडियाबाजारी · शनिवार, रात्री १०:१०

मंडळी, आज कारागिराकडे जाऊन आलो, शेजारी उभा राहिलो. मान चांगलीच पुढे वाकली होती, बाराव्या फ्रेटवर ई तार चार मिलिमीटर! आता २.४. फ्लॅटवाऊंड चढवल्या. मिड दोनवर, डीप बंद, पुढचा पिकअप जरा खाली, अॅम्प स्टुलावर. तबलजीला भिंतीकडे सरकवला, तो आता 'कमी कर' म्हणतोय.

पाच तारांचा विचार सोडला. चाळीस वॉटचा, दहा इंची, डीआय-आऊट असलेला कॉम्बो (अॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) बघून ठेवला आहे, चोवीस हजार म्हणतोय. त्याशिवाय वेगळा डीआय, एक चांगली केबल आणि पेडल ट्यूनर. क्लिपचा ट्यूनर ई तारेवर चाचपडत बसतो. उरलेले नवरात्रात भाड्याच्या अॅम्पला. कोठीपोळ, तुमच्या शेरीत भाड्याने कोण देतं?

कोठीपोळ · शनिवार, रात्री १०:२५

मीच देतो. बारा इंची, दीडशे वॉट. आधी सांगायला हवं होतं का?

मंद्रसप्तक · शनिवार, रात्री १०:२७

😂 कॉम्बोमध्ये डीआय-आऊट आहे तर वेगळा डीआय कशाला? आधी त्यावर प्री-पोस्टचं बटण आहे का बघा. असेल तर प्री (नॉबांच्या आधीचा सिग्नल) ठेवा, म्हणजे स्टेजवर तुम्ही नॉब फिरवलात तरी पटांगणातला आवाज बदलत नाही. ग्राऊंड-लिफ्टही असेल तर डीआयचे पैसे वाचले.

पांढरी_चार · शनिवार, रात्री १०:४०

आणि वाचलेले कोठीपोळांनी आत्ताच कमावले. दांडियाबाजारी, तुमच्या ताईंना निरोप द्या: काळी चारच ठेवा, पंचम वरचा येणार आहे.